न पळायचे दोन महिने

आयुष्यात मी सगळ्यात जास्त कधी पळाले असेन, तर एक पाऊलसुद्धा पळायचं नाही असं मला बजावून सांगितलेल्या दोन महिन्यांत. हे कुणाला सांगितलं की वाटतं म्हातारी चेष्टा करतेय. चेष्टाच होती ती, पण माझी मीच करून घेतलेली. परवा आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी मनगटावरचं घड्याळ नाकापुढे धरून म्हणाली, "आजी, बघा ना, स्पर्धा संपल्या की आता पूर्ण सुट्टी घ्या म्हणतंय हे. मला तर भीतीच वाटते. तेवढ्या दिवसांत सगळी मेहनत पाण्यात गेली म्हणजे?" म्हटलं, बाई गं, तुला निदान घड्याळ सांगतंय. मला एका पिठाच्या गिरणीवाल्यानं सांगितलं होतं. आणि पाय जड होतील, दम कमी पडेल, असली भीती मला शिवलीसुद्धा नव्हती. माझी भीती निराळी होती, ती तिला सांगायला बसले आणि चहा गार झाला. म्हणून आता लिहूनच काढते.

भिंगारला आम्ही लष्करातल्या मुलकी नोकरांसाठी बांधलेल्या बैठ्या खोल्यांमध्ये राहायचो. अण्णा लष्कराच्या वर्कशॉपात सुतार होते. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी, आणि त्यात अण्णा, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. पहाटे छावणीत बिगुल वाजला की पाठोपाठ आमच्या घरात आईची परात वाजायची. दिवसा कधी लांबून रणगाड्यांची घरघर यायची, फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या आणि हातातलं काम न थांबवता आई म्हणायची, "निघाले बघ त्यांचे बैल." जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हिवाळ्यात हुलग्याचं गरम माडगं. पण मी सांगतेय त्या वर्षी पावसानं सगळीकडेच पाठ फिरवली होती आणि बाजरीच्या जागी रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेला ज्वारीसारखा दाणा, यायचा. त्याची भाकरी थापताना चिरायची, भाजताना कडक व्हायची आणि खाताना घशात उभी राहायची. आई ती गरम पाण्यात पीठ उकडून, हरतऱ्हेनं थापून बघायची. अण्णा पहिला तुकडा मोडताना कान लावून आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "सागवानी नाही, पण बाभळीच्या तोडीची आहे." आई चिडायची आणि मग स्वतःच हसायची.

या मिलोमुळेच मी पळायला लागले म्हटलं तरी चालेल. त्याचं पीठ ताजंच लागायचं, म्हणून दळण रोजचं, आणि दळणाचा डबा बाजारातल्या गिरणीत नेण्याचं काम माझं. गिरणी हवालदारांची. हे पारनेरकडचे, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. नाव काहीतरी होतं, पण अख्खं भिंगार त्यांना हवालदारच म्हणायचं. भुवयांवर कायम पिठाची साय, आणि गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावर मात करायची सवय असल्यामुळे शेजारच्याशीही ते कवायतीच्या मैदानावर असल्यासारखे बोलायचे. मी डबा ठेवून घरी पळायची आणि दळण झालं असेल म्हणून परत पळत यायची. चार-पाच दिवस त्यांनी बघितलं. मग एक दिवस ओरडले, "पोरी, घरात कोन आजारी हाय का?"

"नाही."

"मग पळत का येतीस?"

"चालत यायला कंटाळा येतो."

हवालदारांनी गिरणीच बंद केली. म्हणजे खरंच पट्टा काढला. पलटणीत असताना ते लांबचं पळायचे, असं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. त्याच संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि अण्णांना म्हणाले की ही पोरगी मला द्या, म्हणजे पहाटेची द्या, हिला मी क्रॉस कंट्री पळायला शिकवतो. अण्णांना क्रॉस कंट्री म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण आपल्या पोरीत काहीतरी आहे हे बाहेरच्या माणसानं सांगितल्यावर कुठल्या बापाची मान ताठ होत नाही? त्यांनी आपल्या जुन्या खाकी पँटची मला अर्धी चड्डी शिवून दिली. मी ती गुडघ्यापर्यंतच्या फ्रॉकखाली घालायची. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, त्यांना खडू फासलेला. पहाटे ही वरात निघाली की चाळीतल्या बायका चुलीपुढून उठून दारात यायच्या.

अडचण एकच होती. मी सोळा वर्षांची होते आणि मला एक आत्या होती. पाथर्डीकडे दिलेली, अण्णांहून मोठी, आणि नात्यागोत्यातल्या निम्म्या सोयरिकी तिनं जमवलेल्या. तिनं माझ्याकडे बघायला सुरुवात केली होती. हवालदारांनी हे ओळखलं आणि पहिल्याच आठवड्यात अण्णांकडून शब्द घेतला. चहाची बशी हातात धरून अण्णा म्हणाले, "हवालदार, जोवर पोरगी पळतीय तोवर तिच्या लग्नाचं नाव काढणार नाही. झालं?" झालं. अण्णांचा शब्द म्हणजे त्यांनी बसवलेली चौकट. एकदा बसली की हलायची नाही. त्यानंतर आत्या आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायची, "पळतीय का अजून?" एखाद्याचा ताप उतरला का म्हणून विचारतात ना, अगदी त्या सुरात. आणि आई म्हणायची, "व्हय वन्सं, पळतीय."

त्या हिवाळ्यात मी खूप पळाले. शाळेची, तालुक्याची, जिल्ह्याची, एकीतून दुसरी. शेवटी पुण्याला विभागाच्या स्पर्धेत मी तिसरी आले, आणि येताना एसटीत हवालदारांनी कंडक्टरपासून शेवटच्या बाकावरच्या बोकडवाल्यापर्यंत सगळ्यांना ते सांगितलं. मला वाटलं, आता पुढच्या वर्षी पहिली. पुढच्या वर्षी पहिली आले तर राज्याच्या संघात जाता येणार होतं. होळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी बूट घालून गिरणीपाशी हजर. हवालदार चटईवर दात घासत बसले होते. त्यांनी चूळ भरली आणि म्हणाले, "सीझन खतम. आता अक्षय तृतीया होऊन जाईस्तोवर पळायचं न्हाई."

मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. "म्हणजे थोडंच पळायचं?"

"थोडं न्हाई, लई न्हाई. कुत्रं मागं लागलं तरी चालत जायचं. खायाचं, झोपायचं, शाळेला जायचं. जा घरी."

आता इथं वाचणाऱ्यानं पंचांग डोळ्यांपुढे आणावं. होळी ते अक्षय तृतीया आणि त्यापुढे मिरगापर्यंत आमच्याकडे काय असतं? लगीनसराई! हवालदारांना विश्रांतीला बरोब्बर तेच दोन महिने सापडले, ज्यात आत्या पायाला भिंगरी लावून गावोगाव हिंडायची. जोवर पोरगी पळतीय तोवर, असा शब्द. आणि मी तर अंगणातसुद्धा पळणार नव्हते. आत्या येऊन विचारणार, "पळतीय का अजून?" आई म्हणणार, "न्हाई बाई, बसलीय." की संपलं. कोपरगाव नाहीतर श्रीगोंदा, कुठल्यातरी घरात मी डोक्यावर पदर घेऊन भाकरी थापत असणार. एकदा तिथे गेलेल्या मुलीला हवालदारांनी कितीही मोठ्यानं हाका मारल्या असत्या तरी ती परत पळायला येणार नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग हवालदारांनाच का नाही सांगितलं? कसं सांगणार? सोळा वर्षांच्या मुलीनं आपल्या लग्नाचा विषय बाप्या माणसापुढे आपल्या तोंडानं काढायचा? जीभ झडली असती. आणि घरी तरी कसं सांगणार की मला पळू नको म्हटलंय? तेव्हा मी एक अक्कल चालवली. दोघांनाही काहीच सांगायचं नाही. घरच्यांना वाटू दे मी पळतेय, हवालदारांना वाटू दे मी बसलेय. रोज पहाटे नेहमीसारखी चड्डी, फ्रॉक, बूट चढवून बाहेर पडायचं, तास-दीड तास कुठेतरी काढायचा आणि परत यायचं. गिरणी बाजारात, म्हणून मी उलटीकडे, पाथर्डीच्या रस्त्याला जायची. चांदबीबीचा महाल त्या बाजूला डोंगरावर दिसतो. त्याच्याकडे तोंड करून एका चिंचेखाली बसून राहायची. दीड तास म्हणजे किती लांब असतो हे पळणाऱ्या माणसाला माहीतच नसतं हो! मुंग्या मोजल्या, पाढे म्हटले, इतिहासाचा अख्खा धडा पाठ केला. त्या वर्षी इतिहासात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले.

पण पळून आलेली मुलगी कोरडी कशी असेल? आईची सवय अशी की मी आले की ती भाकरीच्या पिठाचा हात तसाच ठेवून मनगटानं माझं कपाळ पुसायची. तिसऱ्या दिवशी तिनं पुसलं आणि म्हणाली, "आज घाम न्हाई आला?" दुसऱ्या दिवसापासून मी परतताना रस्त्यावरच्या पाणपोईतलं पाणी कपाळाला आणि मानेला लावायला लागले. चार दिवस निभावलं. पाचव्या दिवशी पाणपोईवरच्या म्हाताऱ्यानं मनगट धरलं. "पोरी, लोकं प्यायाला मागत्यात आन् तू त्वांडाला फासतीस? लाज हाय का न्हाई?" लाज होती. त्या उन्हाळ्यात गावोगावच्या विहिरींचे तळ दिसत होते आणि मी घामाचं नाटक करायला पाणी वापरत होते. मग राहिला एकच उपाय. दुष्काळात घाम फुकट मिळतो, पण तो पळावं तेव्हाच.

म्हटलं, वाटेतल्या पुलापासून घरापर्यंतच पळायचं. पहिले दोन दिवस तेवढंच. मग चिंचेपासून घरापर्यंत. मग विचार केला की नुसतं बसून राहायचं तर चिंचेपर्यंत पळत का जाऊ नये. आणि एकदा पळायला लागल्यावर तिथंच का थांबायचं, तिच्या पुढचं वळण काय वाईट आहे? हवालदार बरोबर असायचे तेव्हा त्यांच्या हातात घड्याळ असायचं, आज एवढंच, उद्या तेवढंच, परवा नुसतं चालायचं, असा हिशेब असायचा. आता विचारणारं कुणी नव्हतं. शिवाय मनात सारखं येत होतं की पुण्यात माझ्या पुढे आलेल्या त्या दोघी आत्ता पळत असतील. चौथ्या आठवड्यात मी डोंगराच्या पायथ्यापर्यंतचा निम्मा रस्ता जाऊन परत येत होते. कडक मातीवरून, कॅनव्हासच्या झिजलेल्या बुटांनी, पोटात मिलोची भाकरी. घरी आले की फ्रॉक पिळून काढावा इतका घाम. आई खूश. आणि दुपारी दळण घेऊन गेले की हवालदार मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून ओरडायचे, "बघ, बसल्यावर चेहरा कसा उतरतो. अंगातला शीण असा भाईर पडतो. पडू दे!" तेही खूश. आयुष्यात एकाच वेळी इतक्या माणसांना मी पुन्हा कधी खूश ठेवू शकले नाही.

मग उजव्या पायाची नळी दुखायला लागली. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग चालताना. एका जागी बोट ठेवलं की जीव कळवळायचा. मी आईच्या नकळत तिथे तेल चोळायची आणि फडकं बांधून वर मोजा ओढायची. उन्हाळ्यात मोजा कशाला म्हणून भावानं विचारलं, त्याला गप्प बसायला एक रावळगावची गोळी द्यावी लागली. पण पळणं सोडलं नाही. मला वाटायचं, आता थांबले तर लग्न.

आणि लग्न आलंच. चैत्र संपत आला तशी आत्या आली. "पळतीय का अजून?" "व्हय वन्सं, पळतीय." आत्यानं सुस्कारा टाकला, पाणी प्यायली आणि अण्णांना म्हणाली, "गोविंदा, पळू दे की. पर बघायला काय जातंय? बघणं म्हंजी काय लगीन न्हवं." मुलगा चांगला होता, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून, जमीन, माळवदाचं घर. अण्णा दोन दिवस रंधा मारल्यासारखे ओट्यावर येरझारा घालत होते. शेवटी हो म्हणाले, पण एक गोष्ट केली. हवालदारांना दिलेला शब्द त्यांच्या पाठीमागे वाकवायचा नाही म्हणून त्यांनाही बैठकीला बोलावलं. माझे अण्णा असे होते. त्या सरळपणाचा मला तेव्हा इतका राग आला की सांगता सोय नाही.

पाहुणे तिघे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. पुढच्या खोलीत जाजम अंथरलेलं, एका बाजूला ते तिघं, दुसऱ्या बाजूला अण्णा, आत्या आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले, बिनपिठाच्या भुवयांचे हवालदार. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्यांच्या भुवया काळ्या असल्याचं दिसलं. मी आईचं हिरवं लुगडं नेसून आत पोह्यांचं ताट घेऊन उभी. उंबऱ्यापासून जाजमापर्यंत सहा पावलं. विभागात तिसरी आलेल्या मुलीला सहा पावलं म्हणजे काय! पहिली दोन नीट पडली. तिसऱ्याला नळीतून अशी कळ आली की गुडघा वाकला, ताट कललं आणि दोन बशा घसरून मामांच्या मांडीवर. उरलेली तीन पावलं मी चक्क लंगडत टाकली.

मुलाची आई पुढे वाकली. "पोरीच्या पायात काय हाय?"

"काय न्हाई, काय न्हाई," आत्या घाईनं म्हणाली, "पळती ना ती रोज. दमलीय."

"पळती?" हवालदारांचा आवाज नेहमीचाच, खोलीभर. "कोन पळती? दीड महिना झाला, मीच पळू नको म्हनलंय. ती बसून हाय."

अण्णा म्हणाले, "बसून कुठं? रोज पहाटं जाते की. बिगुल झाला की जाते."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताट हातात, पदर डोक्यावरून घसरलेला, आणि तो सावरायला हात रिकामा नाही. हवालदार उठले, माझ्यापुढे गुडघ्यावर बसले आणि पाहुण्यांच्या देखत, बघण्याच्या कार्यक्रमात, माझा घोटा धरून नळीवर अंगठा दाबला. मी "आई गं!" करून ओरडले. मुलाच्या आईनं तोंडाला पदर लावला.

"किती पळलीस?"

"चांदबीबीच्या रस्त्याला... निम्म्यापर्यंत."

"रोज?"

"रोज. जाऊन येऊन."

वजनकाट्यावरचा मुलगा तोवर एक शब्द बोलला नव्हता. तो मान वर करून, अगदी कामात असल्यासारखा म्हणाला, "म्हंजी दोन्ही मिळून सहा-सात मैल भरतील." त्याचा मामा मांडीवरचे पोहे वेचता वेचता थांबला आणि त्याच्याकडे बघत राहिला. तो मुलगा वाईट नव्हता हो. आज कुठे असेल कोण जाणे, माझी ती पळापळ पुरती मापली ती त्यानं एकट्यानं.

कळवतो म्हणून पाहुणे गेले. ते काय कळवणार हे सगळ्यांना माहीत होतं. दार ओढून घेतल्यावर मी सगळं सांगून टाकलं. हुंदके, नाक, पदर, सगळ्यासकट. लग्नाची भीती, चिंच, पाणपोई, घाम. अण्णा ऐकत होते. मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली बघत म्हणाले, "हवालदार, आता तुमीच सांगा. पळतीय तोवर, असा माझा शब्द. पळू नको असं तुमीच म्हणालात, म्हणजे ती पळणारी राहिली नाही. आणि जे पळली ते चोरून. मग मी माझा शब्द धरू कुठं?"

"सुटला शब्द!" आत्या म्हणाली. "हात धुतले म्हनायचं."

"सुटतोय कसा?" हवालदार तिच्याकडे वळले. "बाई, गिरणीचा दगड दळून दळून गुळगुळीत होतो. मग त्याला टाकी लावावी लागती. छिन्नीनं नवी धार काढायची. ती काय दगड फिरत असताना काढता येती? पट्टा उतरावा लागतो, दोन दिवस दळण बंद. त्या दोन दिवसांत हवालदाराची गिरणी बुडाली असं कोन म्हनतं का?"

"पर त्या दोन दिवसांत पीठ तर पडत न्हाई ना!" आत्या काही कच्ची नव्हती.

त्यावर हवालदार जे बोलले ते इतक्या हळू की पहिल्यांदा कुणाला ते बोलतायत हेच कळलं नाही. म्हणाले, पलटणीत मला कुणी बस म्हनलं न्हाई. हिवाळ्यात कंपनीसाठी पळालो, उन्हाळ्यात पलटणीसाठी, पावसात सायेब म्हनला म्हनून. नळी दुखायची, मी बी अशीच पट्टी बांधायचो. सव्वीस वर्षांचा हुतो. एक दिवस निम्म्या रस्त्यात पाय मोडला तो पुन्हा पळण्याजोगा जुळलाच न्हाई. "लोकं म्हनत्यात, हवालदारानं पळणं सोडलं. म्या सोडलं न्हाई हो. म्या बसलो न्हाई, म्हनून ते सुटलं." त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायला त्यांनी सवयीनं भुवयांवरून हात फिरवला.

मग आतल्या उंबऱ्यावरून आईचा आवाज आला. बैठकीत ती कधी बोलायची नाही, दाराआडूनच ऐकायची. "भाऊजी, एक विचारू? हे बसणं पळण्यातच धरत्यात का?"

"व्हय वहिनी. त्याच्यातच धरायचं असतं."

"मग झालं की," आई म्हणाली. "म्हंजी ती पळतीच हाय. तुमचा शब्द हाय तिथंच हाय, अण्णा." ती अण्णांना आमच्यासारखीच अण्णा म्हणायची. आणि आत्याकडे वळून, त्याच सुरात, "वन्सं, पोहे घ्या. गार व्हाया लागल्यात."

आत्यानं बशी घेतली. तेवढ्यानं सोयरिकीचा विषय त्या वर्षापुरता मिटला. आत्या पुढेही यायची, पण प्रश्न तिनं बदलला. "बसलीय का पळतीय?" असं विचारायची, आणि आई म्हणायची, "दोन्ही येकच हाय वन्सं." त्यावर आत्या जे तोंड करायची ते मला अजून दिसतं.

आता खरं बसणं सुरू झालं. हवालदारांनी ओळखीच्या मिलिटरी डॉक्टरला पाय दाखवला. हाडाला बारीक तडा आहे, सहा आठवडे भार टाकायचा नाही, असं तो म्हणाला. आईनं ते असं मनावर घेतलं की विचारू नका. ओट्यावर अण्णांनी केलेला चौरंग, त्यावर मी, समोरच्या पाटावर उजवा पाय. केर काढायला उठले तरी आतून ओरडा, "पळायला बस!" चाळीतल्या बायकांना ही बोली कळायला चार दिवस लागले, मग त्याही येताजाता विचारायच्या, "काय विमल, पळतीस का?" आणि मी पाय पाटावर ठेवून म्हणायची, "पळतेय." मला मोठी मजा वाटायची. निदान सुरुवातीला. पुढे सवय झाली.

चाळीच्या नळाला तेव्हा पाणी नव्हतं. बाजाराच्या चौकात टँकर यायचा, तिथून आणायचं. रोज चार खेपा लागायच्या, दोन माझ्या आणि दोन आईच्या, अशी आमची वाटणी होती. मी बसल्यावर चारही तिच्या झाल्या. तिनं ते बोलून दाखवलं नाही आणि माझ्याही ध्यानात आलं नाही. सोळाव्या वर्षी सगळ्यांची काळजी आपल्याभोवती फिरायला लागली की डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही. पाय जुळला, अगदी नीट जुळला. मिरगानंतर हवालदारांनी मला आधी चालवलं, मग पळवलं, आणि पुढच्या हिवाळ्यात मी राज्याच्या संघातून धावले. त्यानंतर आणखी आठ वर्षं पळाले, दरवर्षी होळीला थांबले. पळणाऱ्यानं मधे थांबावं का, असं मला कुणी विचारलं की मी डोळे मिटून हो म्हणते. पण तसं म्हणताना दर वेळी मला एकच सकाळ आठवते, आणि ती स्पर्धेची नाही.

बसून चौथा आठवडा असेल. हवालदार पाय बघायला आले होते. त्यांनी नळीवर अंगठा दाबला, मी ओरडले नाही, ते खूश झाले. अण्णा सुट्टी म्हणून ओट्याच्या कोपऱ्यात खुर्चीचा पाय तासत बसले होते. तेवढ्यात आई तिसरी खेप घेऊन आली. डोक्यावर हंडा, त्यावर घागर, कडेवर कळशी. चोळी पाठीला चिकटलेली. कळशी उतरवली, घागर उतरवली, हंडा उतरवताना हवालदारांनी हात लावला. ती दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभी राहिली. बोलायला श्वास मिळेना, एक हात कमरेवर.

"वहिनी," हवालदार म्हणाले, "तुमी बी बसा की घटकाभर."

"मी कुठं पळतीय भाऊजी, मला बसायला?"

काय हसलो आम्ही! हवालदार हसले, अण्णा तासणी खाली ठेवून हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसले, पाय पाटावर ठेवून. आजही ते हसू आठवलं की माझे कान तापतात. आईसुद्धा हसली. मग तिनं हंडा आत रिता केला, चुंबळ झटकून डोक्यावर ठेवली आणि चौथ्या खेपेला निघाली. मी ओट्यावरून तिला चौकाच्या वळणापर्यंत बघत बसले, कारण मला बसायला सांगितलं होतं.